ते वाक्य माझं होतं

मिलिंद,

तू मागच्या गेटने निघणार आहेस हे त्यांना मी सांगितलं होतं. अकरा वर्षं झाली. बायकोला सांगितलं नाही, पोलिसांना नाही, तुलाही नाही. मनातल्या मनातसुद्धा हे वाक्य मी कधी शेवटपर्यंत जाऊ दिलं नाही. आज कागदावर लिहिलं.

परवा धुळ्याला तुझ्या जलदानविधीला आलो होतो. मंडपात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर तुझा फोटो. फोटो जुना होता, जबडा मोडायच्या आधीचा. तुझ्या सुजाताने मुद्दाम तोच काढला असणार. त्या सरळ हनुवटीकडे बघत मी बसलो होतो. वंदना झाली आणि तुझा कुणी विद्यार्थी माईकवर म्हणाला, "आता मिलिंद सरांचा जीव ज्यांनी वाचवला ते विलासभाऊ दोन शब्द बोलतील."

मी उठलो. आणि बोललो, रे. तू शिकवल्याप्रमाणे बोललो. माईक तोंडापासून वीतभर लांब, नजर शेवटच्या रांगेवर, घाई नाही. लोकांनी डोळे पुसले. एका म्हातारीने येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या क्षणी मंडपातल्या कुणीतरी खुर्ची उचलून माझ्या डोक्यात घातली असती तर मी हात आडवा केला नसता.

आपली गाठ पडली ती जळगावच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात. मी मार्केटिंग बघायचो, म्हणजे दुकानदारांना फोन करायचो. परदेशातून विचारणा यायला लागली तसे आपले मालक आबासाहेब घाबरले. पाहुणा आला तर त्याच्याशी बोलणार कोण? म्हणून त्यांनी तुला आणलं. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास, गोदामातल्या चटयांच्या गठ्ठ्यांवर बसून, तू ऑफिसच्या आणि लूमवरच्या माणसांना इंग्रजी शिकवायचास. शनिवारी तालीम. तू काळा गॉगल लावून गेटवरून यायचास आणि म्हणायचास, "आज मी केनियाचा पाहुणा. चला, घ्या मला आत."

आम्ही 'वेलकम टू अवर वर्ल्ड क्लास फॅक्टरी' सुरू केलं की तू गॉगल काढायचास. "अरे, तो माणूस संभाजीनगरच्या विमानतळावरून तीन-चार तास हाडं खिळखिळी करत आलाय. त्याला आधी पाणी द्या. मग बाथरूम कुठे ते सांगा. तुमचा वर्ल्ड कुठे पळून जात नाही."

लूमचे मिस्त्री गुलाबभाऊ सगळ्यात मागे बसायचे. पिंपळनेरकडचा माणूस, अर्धं आयुष्य जळगावात काढून बोली तीच. "मास्तर, हाई इंग्रजी मन्हा तोंडमा बसत नही."

"का नाही बसत? तोंड तर केवढं आहे."

"बरं, मंग ऐक. मन्हा दोन बोटं गयात, जीभ नही गई." आणि उभे राहून कारखाना हादरेल अशा आवाजात, "वेलकम सर! बाथरूम तिकडे शे!"

तू हसून हसून गठ्ठ्यावरून खाली पडला होतास.

ती दोन बोटं कशी गेली हे तुला मी सांगितलं होतं. चटईची काडी लूममध्ये सारखी अडकते. साखळीवर जाळीचं झाकण असतं, पण काडी सोडवायला दर वेळी ते उघडायचं म्हणजे वेळ जातो, म्हणून आपल्याकडे झाकणं काढून भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. गुलाबभाऊंनी काडी ओढायला हात घातला आणि साखळीने हातच ओढला. मी दहा पावलांवर होतो. आधी आवाज झाला, ऊस चरकात जाताना होतो तसा. मग पिवळ्या चटईवर लाल पट्टा विणला जायला लागला. लूम थांबेपर्यंत तो हातभर झाला होता. तेवढा तुकडा कापून बाकीची चटई विकली. कापायला मीच सांगितलं होतं.

तू हे ऐकून लूमवर एक चक्कर मारून आलास. मग म्हणालास, "आणि झाकणं?"

"काय झाकणं?"

"अजून भिंतीलाच आहेत."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि कधी मिटलंच नाही. मी म्हणायचो, पाहुण्याला बैठक दाखवतात, मोरी दाखवत नाहीत. तू म्हणायचास, "मग मोरी धुऊन ठेव ना, विलास. दार कशाला लावून घेतोस?" मी म्हणायचो, मार्केटिंग म्हणजे चांगलं ते पुढे करणं. तू माझं माहितीपत्रक सगळ्यांसमोर टराटरा फाडलंस. "बेस्ट, सुपीरियर, नंबर वन! यात चटई कुठे आहे? लांबी किती, वजन किती, उन्हात रंग किती दिवस टिकतो, ते लिही. खरं लिहिलंस की इंग्रजी सोपं होतं."

तेव्हा मी तुझी कॉलर धरली होती. सुटका व्हावी म्हणून तू हसलास, आणि लोकही हसले. मी हसलो नव्हतो. माझी मूठ वळलेली होती, आणि ती तुझ्या तोंडासाठीच वळली होती. हे आज सांगतोय, कारण पुढे जे झालं ते अचानक झालं असं मला म्हणायचं नाही.

आणि तरीही, त्या माहितीपत्रकाच्या जागी तू माझ्याकडून चार वेळा लिहून घेतलेलं पान पाठवल्यावरच परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने माणूस पाठवतो म्हणून कळवलं. हेलन बाई. त्यांच्या कंपनीला वर्षभराचा माल हवा होता. ती ऑर्डर आली तर दुसरी पाळी कायमची चालणार होती. सगळा कारखाना त्या बाईची वाट बघत होता.

त्या दिवशी सकाळी सगळ्या लूमवर झाकणं चढली. गुलाबभाऊंना हातमोजे घालून मागच्या रंगखात्यात पाठवलं, ही माझी युक्ती. बाई सगळं बघून खूश. पाणी, बाथरूम, स्वागत, सगळं तुझ्या क्रमाने. मग दुपारी आबासाहेबांच्या गिरणाकाठच्या शेतात भरीत पार्टी. पाहुणा आला आणि भरीत नाही, असं आपल्याकडे होत नाही. आणि इथे आपण शेण खाल्लं, मिलिंद. कारण भरीत म्हटलं की गुलाबभाऊच. त्यांच्यासारखं भरीत अख्ख्या एमआयडीसीत कुणी करत नव्हतं. ज्या माणसाला सकाळी लपवला, त्यालाच दुपारी बाईसमोर बसवला. आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही की वांगी सोलायला हातमोजे काढावे लागतात.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली. काळी साल सोलून लाकडी काथवटीत टाकली, वर मिरच्या, लसूण, आणि गुलाबभाऊ ती ठेचायला लागले. बाई कौतुकाने बघत होत्या. मग बाईंनी ताट पुढे केलं आणि त्यांना तीन बोटांचा हात दिसला.

"या गृहस्थांच्या हाताला काय झालं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. प्रश्न तुला होता. तुझ्या तोंडात घास होता.

तो घास तू किती वेळ चावत होतास, मिलिंद? दोन सेकंद? तू शिकवलं होतंस की पाहुणा गप्प झाला की आपणही गप्प बसायचं, जागा भरायची नाही. मला ती जागा दिसली आणि राहवलं नाही. माझं इंग्रजी त्या दिवशी पाण्यासारखं वाहत होतं. मी म्हणालो, मॅडम, मशीनमध्ये याची दोन बोटं गेली, पण आठव्या दिवशी हा माणूस हाताला पट्टी बांधून कामावर हजर होता. अशी आमची माणसं आहेत.

मी फुशारकी मारली होती. खरंच सांगतो, मला तेव्हा ती कारखान्याची सगळ्यात मोठी जाहिरात वाटली. आपल्याकडे लग्नामुंजीत अशा गोष्टी अभिमानानेच सांगतात.

बाईंनी ताट खाली ठेवलं. कुठलं मशीन, म्हणून विचारलं. मी तेही सांगितलं. झाकण का नव्हतं, तेही सांगितलं. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबलास, आणि मला वाटलं तू शाबासकी देतोयस. आजूबाजूला सगळे होते, आबासाहेब, गुलाबभाऊ, लूमवरचे चार-पाच जण. आपण इंग्रजीत काहीतरी बोलतोय आणि बाईंचा चेहरा पडतोय, एवढंच त्यांना दिसलं. समजणारे आपण दोघेच होतो.

पंधरवड्यात नकार आला. त्यात बोटांचा उल्लेख होता. दुसरी पाळी बंद. आबासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गुलाबभाऊ आणि त्यांच्या पाळीतले दोघे आधीच तिथे उभे होते.

"बोटांचं त्या बाईला कोणी सांगितलं?"

"मिलिंदने," मी म्हणालो.

विचार करायला एक श्वासही घेतला नाही. ते नाव इतकं सहज का आलं, हे मी या अकरा वर्षांत स्वतःला फार कमी वेळा विचारलं, कारण उत्तर माहीत होतं. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर त्याचे भाऊबंद, त्याचं गाव, कुणीतरी माझ्या दारात जाब विचारायला आलं असतं. तुझ्यासाठी त्या कारखान्यात कुणी येणार नव्हतं. तुझ्या वस्तीतलं तिथे दुसरं कुणी नव्हतंच. हे मला बोलताना ठाऊक होतं. माझ्या तोंडाला ते माझ्याआधी ठाऊक होतं.

"उद्यापासून त्याला येऊ देऊ नका," आबासाहेब एवढंच म्हणाले.

तू तुझी पुस्तकं न्यायला आलास ती दुपार. पुढच्या गेटवर माणसं जमली होती. मी तुला म्हणालो, "पुढे गर्दी आहे, मागून जा." हे मी मनापासून म्हणालो होतो, यावर विश्वास ठेव अगर ठेवू नको. तू पुस्तकं बांधत होतास. मी खाली आलो तर जिन्याशी गुलाबभाऊ.

"साहेब, मास्तर कोनता गेटवरून जास?"

मला सांगायचं नव्हतं. पण मग मला दिसलं की तू निसटलास तर उद्या, परवा, कधीतरी ते तुला गाठतीलच, चारचौघांत, चहाच्या टपरीवर. विचारतील, का सांगितलंस? आणि तू म्हणशील, मी नाही, विलासने सांगितलं. तू बोलू नयेस, एवढंच मला हवं होतं.

"मागच्या," मी म्हणालो.

आणि वर जाऊन खिडकीत उभा राहिलो.

सहा जण होते. सगळे तुझे विद्यार्थी. तू त्यांना बघून थांबलास, पुस्तकांचा गठ्ठा खाली ठेवलास, हात जोडल्यासारखे केलेस. गुलाबभाऊंनी त्या तीन बोटांच्या हाताने तुझी कॉलर धरली. "आमना पोटवर पाय दिना तू!" तू काहीतरी बोलायला लागलास. बोलता बोलता वर बघितलंस. खिडकीत मी. तुझं तोंड उघडं होतं. आता माझं नाव येणार, असं मला वाटलं, आणि त्याच वेळी चटई गुंडाळायचा लोखंडी पाइप तुझ्या जबड्यावर बसला.

आवाज उघड्या खिडकीतून वर आला. तू गुडघ्यावर आलास. दुसरा फटका खांद्यावर, मग लाथा, पोटात, पाठीत. कामाचा राग पाच-सहा फटक्यांत संपला होता, मी बघत होतो, हात सैल पडायला लागले होते. तेवढ्यात कुणीतरी ती शिवी दिली. जातीची. इथे लिहीत नाही, तू आयुष्यभर ऐकली आहेस. त्या शिवीने त्यांच्या हातात नवा जोर आला. डोक्यावरचे फटके त्यानंतरचे आहेत. एकाने तुझं डोकं केसाला धरून उचललं आणि सिमेंटच्या उंबऱ्यावर आपटलं. दोनदा. कुणीतरी तुझ्या पुस्तकांवर उभं होतं. मी खिडकीची काच लावून घेतली, कारण आवाज सहन होत नव्हता. खाली मात्र उतरलो नाही. ते पांगल्यावर उतरलो.

तुझे दोन दात मी मातीतून उचलून रुमालात बांधले. का, माहीत नाही. माझ्या गाडीत मागच्या सीटवर तुला घातलं आणि हॉस्पिटलला नेलं. रस्ताभर तू घशातून आवाज काढत होतास. मला वाटत होतं, तू माझं नाव घेतोयस. मी हॉर्न वाजवत राहिलो.

आणि असा मी तुझा जीव वाचवणारा झालो.

पोलीस आले तेव्हा मी 'अनोळखी इसम' सांगितलं. तुझा जबडा तारेने बांधलेला होता, तू पाटीवर लिहून दिलंस की चेहरे ओळखता आले नाहीत. सहाच्या सहा जणांना तू नावाने हाक मारून 'गुड आफ्टरनून' म्हणायला शिकवलं होतंस.

पुढे तू धुळ्याला गेलास, देवपुरात घरीच क्लास काढलास. वाकड्या जबड्याने, अडखळत बोलत, हॉटेलातल्या वेटरांना आणि दुकानातल्या सेल्समनना पाहुण्यांशी कसं बोलावं ते शिकवत राहिलास. पोरं म्हणे शिस्तीत ऐकायची, कारण शब्द समजायला कान द्यावा लागायचा. मी एक्स्पोर्ट मॅनेजर झालो. तू घोटून घेतलेल्या वाक्यांवर तीन देश हिंडलो. वर्षातून दोनदा मिठाईचा बॉक्स घेऊन तुझ्याकडे यायचो. तुला फिट यायला लागल्या होत्या, डोक्याच्या मारामुळे. एकदा माझ्यादेखत आली. सुजाता तुझी मान धरून बसली होती, तू जमिनीवर टाचा घासत होतास, आणि मी दारात चपला हातात घेऊन उभा. शेवटीही फिटच आली ना, गेल्या आठवड्यात. डॉक्टरांनी कारण फिट लिहिलंय. लूमच्या झाकणांचं, पाइपाचं, माझं नाव त्या कागदावर नाही.

तू एकदाच तो विषय काढलास. सुजाता आत चहा करत होती. तू कप ठेवलास आणि म्हणालास, "त्या दिवशी भरीत खाताना तू बोललास ना, एकदम शुद्ध इंग्रजी होतं. एक चूक नव्हती. मास्तर म्हणून मला बरं वाटलं होतं."

मला तुला मारावंसं वाटलं, मिलिंद. गरम चहा तुझ्या तोंडावर फेकावा, तो वाकडा जबडा दुसऱ्या बाजूने फोडावा, असं वाटलं. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी पायावर पडलो असतो. तू कौतुक केलंस. मी "चल, येतो" म्हणून उठलो. पायऱ्या उतरताना भिंतीवर मूठ आपटली, करंगळीजवळचं हाड अजून वर आलेलं आहे. वाक्य माझं होतं हे तुला माहीत होतं, त्यावरून काढलं तुला हेही माहीत होतं. गेटचं माहीत होतं की नाही, ते मला आता कधीच कळणार नाही. आणि बाईंनी विचारलं तेव्हा तोंडातला घास गिळून तू काय उत्तर देणार होतास, तेही नाही. मी नेहमी स्वतःला सांगत आलो की तूही खरंच सांगितलं असतंस, मग फरक काय पडला? फरक हा की तू गुलाबभाऊंना विचारून सांगितलं असतंस. हात त्यांचा होता.

परवा ते आले होते, गुलाबभाऊ. सगळ्यात मागे, चपलांच्या ढिगाशी बसले होते. म्हातारे झालेत, कुठल्याशा गोदामावर रखवालदारी करतात. मी निघालो तसे माझ्यामागे बाहेर आले.

"साहेब, त्याले मी मारं. तुमले ठावूक शे."

"हो."

"त्यानी आमनं काम बुडाडं, म्हनीसन मारं. पन मराले नको व्हतं त्यानी." मग म्हणाले, "त्यानी काम बुडाडं ना, साहेब? खरं शे ना?"

अकरा वर्षांत त्यांना हे कुणाला तरी विचारायचं होतं. ज्याला इंग्रजी कळत होतं असा मीच उरलोय. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि गाडीत बसलो.

सुजाता गाडीपर्यंत आली. तुझे विद्यार्थी तुझ्या आठवणींचं पुस्तक काढताहेत. "भाऊ, तुम्ही लिहा," ती म्हणाली. "त्या दिवसाचं तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी त्यांना कितीदा विचारलं, ते म्हणायचे, विलासला विचार. त्याला सगळं माहीत आहे."

विलासला विचार, म्हणाला होतास तू. म्हणजे दार उघडं ठेवून गेलास. इतकी वर्षं ते उघडं होतं आणि मी मिठाईचे बॉक्स आणत होतो.

तू मला पगारातून बूट घ्यायला लावलेस. पाहुण्याचा हात कसा धरायचा ते माझाच हात धरून शिकवलंस. बोलायला शिकवलंस, रे. भडगावच्या एका मुखदुर्बळ माणसाला तू तोंड दिलंस, आणि त्या तोंडाने पहिलं मोठं काम काय केलं, तर तुझं तोंड फोडायची सोय.

हे पान सुजाताच्या हातात जाईल. पण पान देणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. ती वाचत असताना मी समोर बसलेला असायला हवं. गुलाबभाऊंना तर वाचता येत नाही. त्यांना तोंडानेच सांगावं लागेल की तुम्ही मारलात त्या माणसाने तुमचं काम बुडवलं नव्हतं, ते मी बुडवलं. आणि ज्या ठाण्यात मी अनोळखी इसम लिहून दिलं, तिथे माझं स्वतःचं नाव लिहून द्यावं लागेल.

मी तुला एक खरा जबाब देणं लागतो, मिलिंद. तिन्ही ठिकाणी. अजून एकाही ठिकाणी दिलेला नाही.